आधी पुण्याची वेळ ठरवा, मग घरातून निघायची

मुंबईहून कोल्हापूरला गाडीने जाणाऱ्या घरात आदल्या रात्री एकच चर्चा असते: सकाळी किती वाजता निघायचं? उत्तरही ठरलेलं. सहाला निघू, म्हणजे साडेसहापर्यंत निघणं होईल. डबे भरतात, देवाला नमस्कार होतो, गाडी दादरहून सुटते. द्रुतगती मार्ग झकास पार पडतो, घाटात मुलं धबधबे मोजतात. आणि नऊच्या सुमाराला, हिंजवडीच्या कंपन्यांकडे निघालेलं निम्मं शहर रस्त्यावर असताना, ही मंडळी वाकडच्या पुलाशी येऊन उभी राहतात. तिथून कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंतचा रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचा. त्या वेळेला मात्र किती लागेल हे कोणीच सांगू शकत नाही.

प्रवासाचं वेळापत्रक घराच्या दारापासून मांडायची आपल्याला सवय आहे. ते शहरापासून उलटं मांडा, एवढंच माझं सांगणं. वाटेत कोणतं मोठं शहर लागतं, ते कोणत्या तासाला जरा मोकळं असतं, आणि त्या तासाला तिथे असायचं तर घर कधी सोडायला हवं, या क्रमाने. पुणे बायपासबद्दल मला विचाराल तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत, नाहीतर दुपारी साडेबारा ते साडेतीन, नाहीतर रात्री दहाच्या पुढे. सातच्या आत वाकड ओलांडायचं म्हणजे दादर साडेचारला सोडावं लागेल. ते जमण्यासारखं नसेल तर सहाची धावपळ करण्यात अर्थ नाही. घरी सावकाश नाश्ता करून दहाला निघा. मुंबईत येणाऱ्यांची गर्दी त्या वेळी बरीचशी समोरच्या बाजूला असते, आणि पुणे दुपारी एकच्या सुमाराला ओलांडता येतं. कोल्हापूरला पोहोचायला उशीर होईल हे खरं, पण गाडीत बसून राहण्याचा वेळ कमी होईल. सुट्टीवर निघालेल्या माणसाने या दोहोंतलं काय मोजायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

सलग सुट्ट्यांचं गणित मात्र वेगळं असतं. शनिवारी सकाळी सात ते अकरा या वेळात द्रुतगती मार्गाचा बोरघाट म्हणजे मुंबईकरांचा मेळावाच. खालापूरचा टोलनाका, मग चढण, चढणीवर तिन्ही मार्गिका अडवून चाललेले कंटेनर, आणि तापलेल्या इंजिनांमुळे बाजूला उभ्या राहिलेल्या गाड्या. मग शुक्रवारी रात्रीच निघू, असं म्हणणारे पुष्कळ असतात. पण ही युक्ती आता सगळ्यांनाच ठाऊक झाली आहे, म्हणून ती युक्ती उरलेली नाही. शुक्रवारी रात्री नऊला निघालेले लोक बाराला लोणावळ्यात असतात. त्यापेक्षा शनिवारी जेवून दुपारी दोनला निघणारा माणूस ताजा असतो आणि घाटही त्याला बऱ्यापैकी मोकळा मिळतो. अर्धा दिवस वाया गेला अशी हळहळ वाटते, पण तो अर्धा दिवस घाटात उभं राहूनही वायाच जाणार होता.

बायपास या पाटीवर फार विसंबू नका. पुण्याचा देहूरोड–कात्रज बाह्यवळण रस्ता शहराबाहेरून जावा म्हणूनच बांधला होता. मग बाणेर, बालेवाडी, वारजे, वडगाव सगळं त्याला येऊन भिडलं आणि पुढे निघूनही गेलं. आज तो रस्ता पुण्याच्या बाहेरून जात नाही, पुण्याच्या मधून जातो. त्यावर तुमच्याबरोबर कॉलेजला निघालेला दुचाकीस्वार असतो, शाळेची बस असते आणि बेंगळुरूकडे निघालेला अठरा चाकी ट्रेलरही असतो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या २ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला तिथल्या नव्या पुलांचं उद्घाटन झालं. त्याने त्या एका चौकाचा श्वास मोकळा झाला हे मान्य. पण एका चौकाची गाठ सुटली की कोंडी पुढच्या चौकात जाऊन बसते, हा अनुभव पुणेकरांना नवा नाही.

या पट्ट्यातून जाताना काही गोष्टी पाळा. मुख्य रस्ता सोडून सर्व्हिस रोडला उतरू नका. पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या की डावीकडचा मोकळा उतार खुणावतो, पण तो तुम्हाला एखाद्या चौकातल्या सिग्नलला नेऊन सोडतो आणि परत वर यायला पुन्हा रांग. पेट्रोल, चहा, स्वच्छतागृह हे सगळं शहराच्या अलीकडे द्रुतगती मार्गावर उरकून घ्या, नाहीतर सरळ खेड शिवापूरच्या पुढे. मध्ये थांबलात की थांबण्यापेक्षा पुन्हा रस्त्याला लागण्यातच जास्त वेळ जातो. आणि साताऱ्याकडून पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे, तिथे ट्रकच्या पुढे राहू नका, मागेही चिकटू नका. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. तिथे वारंवार जे अपघात झाले त्यांतल्या कित्येकांची कहाणी हीच आहे. त्या उतारावर आपला वेग कमी, गियर खालचा आणि नजर आरशात.

आता मुक्कामाचं. मला विचाराल तर सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत चांगली, आणि लोक तीच सर्वांत कमी वापरतात: रात्रीचा मुक्काम शहराच्या पलीकडे करा. समजा नाशिकचं एक कुटुंब गोव्याला निघालंय. संध्याकाळी चारला निघून पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम आणि सकाळी पुढे, असा बेत सहसा ठरतो. मावशीकडे गप्पा रंगतात, सकाळी पोहे झाल्याशिवाय ती सोडत नाही, आणि कोथरूडहून नऊला निघालेली गाडी बायपासला लागेपर्यंत दिवसातली सर्वांत वाईट वेळ आलेली असते. त्याऐवजी तेच चारला निघून नारायणगावच्या आसपास रात्रीचं जेवण केलं, चाकण–मोशीचा टप्पा नऊनंतर ओलांडला आणि पुण्याच्या बाहेर पडून शिरवळला नाहीतर साताऱ्याला पाठ टेकली, तर सकाळी आठला उठलं तरी बिघडत नाही. समोर कोल्हापूरपर्यंत अडवणारं मोठं शहर नाही. मावशीला परतताना भेटा. आणि पुण्यात राहायचंच असेल तर नातेवाइकांत निवड करा: दक्षिणेला जायचं असेल तर निगडीच्या काकांपेक्षा धनकवडीची आत्या बरी.

चाकणचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्याजोगं आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाकी दिवशी पाळी बदलते त्या वेळी कामगारांच्या बसगाड्या, दुचाकी आणि कारखान्यांचे कंटेनर एकाच तिठ्यावर येतात. नाशिक रस्त्यावरच्या राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा यांना आता बाह्यवळणं झाली आहेत, त्यामुळे तो रस्ता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपा आहे. दुखणं उरलंय ते चाकण ते भोसरी. तेवढ्या टप्प्याची वेळ साधा.

मुंबईहून सोलापूर, पंढरपूर, तुळजापूर किंवा हैदराबादला जाणाऱ्यांची अडचण जास्त कठीण, कारण त्यांना पुणे पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवं छेदावं लागतं. हडपसरमधून जायचं म्हटलं की बायपासवर वाचवलेला सगळा वेळ तिथे व्याजासकट वसूल होतो. पंढरपूरला जाणार असाल तर पुण्यात पूर्वेकडे वळूच नका. साताऱ्याच्या दिशेने शिरवळपर्यंत जा, तिथून लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस करत पंढरपूर. फलटणच्या पुढचा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आता रुंद झाला आहे आणि नकाशावर लांब दिसणारी ही वाट गाडीला सुखाची जाते. फक्त ज्येष्ठ-आषाढात वारीच्या दिवसांत या बाजूला फिरकू नका. त्या दिवसांत तो रस्ता वारकऱ्यांचा असतो, वाहतूक वळवलेली असते, आणि तशीच ती असायला हवी. सासवड, जेजुरीकडे जायचं असेल तर कापूरहोळहून नारायणपूरमार्गे सासवडला जाणारा रस्ता आहे. दिवे घाट आणि हडपसर दोन्ही टळतात.

अहिल्यानगरला जाणाऱ्या मुंबईकरांनी तर पुण्याचं नावच काढायचं कारण नाही. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा आणि टाकळी ढोकेश्वर, हा जुना राजमार्ग आहे. पावसाळ्यात माळशेजला धुकं दाट असतं, दरड येते, आणि शनिवार-रविवारी धबधब्याखाली भिजायला आलेल्यांच्या गाड्या रस्त्यातच लावलेल्या असतात. ते चार महिने सोडले तर रस्ता उत्तम. मात्र त्या रस्त्याला लागण्याआधी कल्याणमधून बाहेर पडायचं असतं, आणि कल्याण काही कमी नाही. पुणे टाळायच्या नादात कल्याणच्या कोंडीत सकाळ घालवली तर मिळवलं काय? म्हणून इथेही तेच: कल्याण सकाळी साडेसहाच्या आत मागे पडायला हवं.

समृद्धी महामार्गाने शहरं टाळण्याचा प्रश्न एका फटक्यात सोडवला, असं वाटतं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. एकूण ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, आणि वाटेत एकाही शहराचा सिग्नल नाही. नाशिक बाजूला राहतं, छत्रपती संभाजीनगर बाजूला राहतं, कसारा घाट चढावा लागत नाही. त्याऐवजी इगतपुरीजवळचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मुंबईहून विदर्भात जाणाऱ्यांना याहून वेगळा रस्ता सुचवण्यात अर्थ नाही.

पण शहर टळलं की चहाही टळतो. या रस्त्यावर सोयी एकमेकींपासून लांब आहेत. टाकी भरलेली, पाणी बरोबर, स्टेपनीत हवा, अशा तयारीनेच चढा. टायर जुने असतील तर चढूच नका; विदर्भातल्या उन्हात, सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर, ताशी १२० ने तासन् तास पळताना झिजलेला टायर टिकत नाही. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून खाली उतरा, आणि ती सोय असलेल्या ठिकाणीच थांबवा, कडेच्या पट्टीवर नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि लक्ष झोपी जातं. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर गतिरोधक, म्हैस, शाळा सुटल्याची घंटा, काहीतरी तुम्हाला जागं ठेवत असतं. इथे ते काम तुम्हालाच करायचंय.

शिवाय समृद्धीचं दुसरं टोक भिवंडीजवळ आमणेला उतरतं, आणि तिथून ठाण्याच्या माजिवड्यापर्यंत गोदामांच्या राज्यातून जावं लागतं. नागपूरहून निघून सहा-सात तास वाऱ्यासारखं यायचं आणि शेवटचे पंचवीस किलोमीटर कंटेनरांच्या रांगेत काढायचे, हे कित्येकांच्या वाट्याला येतं. इथे रात्रीचा हिशोब उलटा आहे हे ओळखून असा. मुंबई आणि ठाण्याच्या हद्दीत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक तास बंदी असते. त्यामुळे बंदी उठण्याची वाट बघत ती बाहेर थांबतात आणि रात्री उशिरा एकदम सुटतात. रात्र म्हणजे मोकळा रस्ता ही समजूत पुण्याला लागू पडते, भिवंडी आणि घोडबंदरला पडत नाही. घोडबंदरचा गायमुख घाट मध्यरात्री अडकलेला बघितला की पटतं. पुण्याहून गुजरातला निघालेल्यांना तर कळंबोली, मुंब्रा बायपास, माजिवडा, घोडबंदर ही सगळी मालिकाच पार करायची असते. त्यांच्यासाठी माझं उत्तर साधं आहे: रविवारी पहाटे निघा, आठच्या आत घोडबंदर संपवा आणि वसईच्या पुढे जाऊन चहा घ्या. इतर दिवसांसाठी माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

गोवा आणि कोकणाचं प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण गणपतीत आणि मे महिन्यात सगळ्यांत जास्त हाल तिथेच होतात. मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ पासून चाललंय. त्यावर बोलण्यासारखं सगळं बोलून झालं आहे. कशेडीचे जुळे बोगदे झाल्यापासून पोलादपूर–खेड टप्पा सुखाचा झाला, पण इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठेतून सणासुदीला गाड्या सरकतात त्या पायी चालण्याच्या वेगाने. इथे शहर मोठं नसतानाही कोंडी मोठ्या शहराची होते. म्हणून पुष्कळ जण पुण्यावरून, कोल्हापूरच्या रस्त्याने जाऊन घाट उतरतात. ही वाट चांगली आहे, पण घाट निवडताना आपलं गाव कुठे आहे ते बघा. चिपळूणच्या बाजूचे असाल तर कराडहून पाटण आणि कुंभार्ली घाट. रत्नागिरीला जायचं तर मलकापूर आणि आंबा घाट. राजापूरला अणुस्कुरा. कणकवलीला राधानगरीवरून फोंडा घाट, वैभववाडीला गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा. सावंतवाडीकरांनी निपाणीला वळून आजरा, आंबोली. थेट पणजीला जाणाऱ्यांना बेळगावहून चोर्ला घाट. माणगावच्या आसपासची गावं पुण्याहून ताम्हिणीने जवळ पडतात. भोर–महाडचा वरंधा घाट मात्र पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवलेला असतो. बंद नसला तरी भरपावसात तो माझ्या यादीत नाही.

हे सगळे घाट उजेडी उतरायचे आहेत. शहराची कोंडी टाळायची म्हणून संध्याकाळी निघायचं आणि रात्री अकराला धुक्यात आंबोली उतरायची, हा व्यवहार तोट्याचा आहे. कोंडीत अडकलेला माणूस वैतागतो, फार तर जेवण चुकतं. घाटात अंधारात दरडीचा दगड वळणावर पडलेला असेल तर प्रश्न वैतागाचा राहत नाही. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट सुरू आहे का याची त्याच दिवशी चौकशी करा. बंदीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, स्थानिक वर्तमानपत्रांत तो येतो; आणि त्याहून पक्की बातमी हवी असेल तर घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करा. कोकणातल्या प्रत्येकाची अशी ओळख असतेच.

फोनमधल्या नकाशाबद्दलही बोलायला हवं, कारण आता बहुतेक जण तो म्हणेल तिकडे वळतात. नकाशा उपयोगी आहे, पण निघताना उघडून काही कळत नाही; त्या क्षणी तो तुम्हाला त्या क्षणाची वाहतूक दाखवतो, तीन तासांनी तुम्ही पुण्याला पोहोचाल तेव्हाची स्थिती तेव्हा कळेल. आदल्या दिवशी बसा, निघण्याची वेळ बदलून बदलून बघा. पाचला निघालो तर किती, आठला निघालो तर किती, अकराला किती. फरक डोळ्यांसमोर येतो आणि घरातल्या मंडळींना पटवायलाही बरं पडतं. बाह्यवळणावरूनच जायचं असेल तर शहरापलीकडचं एखादं ठिकाण मधला थांबा म्हणून टाका, म्हणजे नकाशा तुम्हाला शहरात ओढत नाही.

आणि चार मिनिटं वाचतात म्हणून तो गावच्या रस्त्याला वळवू लागला तर ऐकू नका. त्या चार मिनिटांत बैलगाडी धरलेली नसते, समोरून एसटी आली तर मागे घ्यावी लागणारी गाडी धरलेली नसते, आठवडी बाजार तर नाहीच नाही. तुमच्यासारखेच आणखी दोनशे जण त्याच गल्लीत वळलेले असतात. तिथे राहणाऱ्यांचा विचारही करा. महामार्गावरची कोंडी एका वळणाने त्यांच्या अंगणात येते, आणि त्यांच्या मुलांना शाळेत जायला रस्ता उरत नाही. महामार्ग पूर्ण बंद असेल आणि पोलीस वळवत असतील तेव्हा जा. एरवी रांगेत राहा.

नोव्हेंबर ते मार्च सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात ऊस चाललेला असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्याबाहेर दोन्ही बाजूंनी आलेला ऊस, मागे दिवा असलाच तर धुळीने माखलेला. नकाशा मात्र हे रस्ते निळे, मोकळे दाखवतो. या महिन्यांत मोठ्या शहराची गर्दी टाळायला आडवाटेचा जिल्हा रस्ता धरायचा विचार असेल तर तो दिवसाच धरा. सातारा ते कागल या टप्प्याच्या सहापदरीकरणामुळे महामार्गावरही जागोजागी वळणं दिलेली असतात, तिथे ट्रॉल्या एकदम समोर येतात.

टोलचा हिशोब थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला, वर्षभर किंवा दोनशे फेऱ्यांपर्यंत चालणारा. पण तो मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धीवर आणि अटल सेतूवर चालत नाही, कारण ते राज्याच्या यंत्रणांचे रस्ते आहेत. फास्टॅगमध्ये पैसे ठेवूनच निघा. दक्षिण मुंबईत राहणाऱ्यांनी अटल सेतूच्या टोलकडे बघून नाक मुरडू नये. शिवडीहून सुटून २१.८ किलोमीटरनंतर थेट उरण-पनवेलच्या बाजूला निघणं, म्हणजे चेंबूर, मानखुर्द आणि वाशी यांचा सकाळचा सगळा गोंधळ वगळणं. ठाणे-मुलुंडकरांना मात्र त्यासाठी खाली शिवडीपर्यंत येण्याचं कारण नाही, त्यांना ऐरोलीच बरी.

महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्यांचं काम काही ठिकाणी सोपं आहे. सोलापूरवरून तिरुपतीला निघालेल्यांनी हैदराबादमध्ये शिरू नये. पटानचेरूजवळ १५८ किलोमीटरचा बाह्य वर्तुळाकार मार्ग लागतो, तो धरून शमशाबादला उतरावं आणि कर्नूलचा रस्ता पकडावा. बेंगळुरूमार्गे म्हैसूरला जाणाऱ्यांनी तुमकुरू रस्त्यावरून नाइस रोडला वळावं. दोन्हीकडे टोल आहे आणि दोन्हीकडे तो देण्याजोगा आहे.

पहाटे निघण्याचा सल्ला मी वर दिला, त्याला एक अट आहे. गाडी चालवणारा आदल्या रात्री नऊला झोपलेला असला पाहिजे. बॅगा भरत एकपर्यंत जागायचं आणि साडेतीनला स्टिअरिंगवर बसायचं, असं करणाऱ्याने कोंडी टाळलेली नाही, झोप टाळलेली आहे, आणि पहाटे तीन ते पाच या वेळात ती वसूल होते. ज्याला लवकर झोप लागत नाही त्याने दहाला निघण्याची वाट धरावी. घरात मधुमेही माणूस, लहान मूल, गुडघे दुखणारी आजी असेल तर त्यांचं जेवणखाण आणि औषधांच्या वेळा आधी मांडा, शहराच्या वेळा त्यात बसवा. दोन्ही जुळत नसतील तर एक मुक्काम वाढवा. अडचणीत १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक गाडीतल्या प्रत्येकाला पाठ असू द्या, चालवणाऱ्यालाच नव्हे.

राहिला परतीचा दिवस. जाताना सगळे विचार करतात, येताना कोणी करत नाही. सुट्टी शेवटच्या तासापर्यंत ओढायची असते. परिणामी रविवारी संध्याकाळी पाच ते दहा या वेळात कोल्हापूर, महाबळेश्वर, लोणावळा आणि पुणे इथून निघालेले सगळे एकाच घाटात भेटतात. महाबळेश्वरहून येणार असाल तर रविवारी सकाळचा नाश्ता करून नऊला पाचगणी सोडा, दुपारचं जेवण खंबाटकीच्या अलीकडे नको, पुणे ओलांडून द्रुतगती मार्गावर घ्या. ते जमणार नसेल तर सोमवारची अर्धी रजा टाका आणि सोमवारी दुपारी बाराला निघा. तेही शक्य नसेल तर रविवारी वाईत किंवा साताऱ्यात निवांत जेवून रात्री नऊनंतर निघता येईल, पण गाडी चालवणारे दोघे असतील तरच, आणि दुसऱ्याने दुपारी झोप काढलेली असेल तरच.